स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णासाठी शुश्रूषागृहाची परीक्षा

आयुर्वेदाच्या अष्टांगांमध्ये जराचिकित्सेला स्वतंत्र स्थान आहे. तथापि आपल्या नित्य व्यवहारात जरेचा विचार बहुधा रसायन औषधींपाशी येऊन थांबतो. वृद्धाने राहावे कोठे, त्याला भरवावे कोणी, रात्री त्याच्याजवळ जागावे कोणी, हे प्रश्न आपण कुटुंबावर सोडून देतो. अलीकडे मात्र हेच प्रश्न घेऊन कुटुंबे चिकित्सालयात येऊ लागली आहेत. "आईला आता माणसे ओळखू येत नाहीत, रात्री कडी काढून बाहेर जाते, आम्ही दोघेही कामावर असतो, एखादे चांगले नर्सिंग होम सुचवा," असे सांगणारा मुलगा वैद्याच्या एका शब्दावर निर्णय घेऊन मोकळा होतो. रुग्णाला त्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येत नाही, कारण काय घडले हे सांगण्याची त्याची शक्तीच गेलेली असते. म्हणूनच आपला शब्द परीक्षापूर्वक दिला गेला पाहिजे. ही परीक्षा कशी करावी, याचा क्रम वैद्यबंधु-भगिनी व औषधी-विक्रेते यांच्यासमोर मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समस्येचे स्वरूप

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतातील ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने (डिमेन्शियाने) ग्रस्त आहेत. स्त्रियांमध्ये व ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. याउलट या विकारासाठी खास चालविलेली निवासी केंद्रे प्रामुख्याने मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहेत. रुग्ण खेड्यात आणि सोय शहरात, अशी ही विसंगती आहे.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे उदाहरण घेऊ. अवर्षणप्रवण प्रदेशातील या गावाने १९७५ पासून श्रमदान, पाणलोट विकास, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी यांच्या बळावर आपला कायापालट केला. त्या काळी नालाबांधावर दगड-माती वाहणारे तरुण आज पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. पुढची पिढी सुपे व रांजणगाव येथील औद्योगिक वसाहतींत किंवा पुण्यात नोकरीस जाते. घरातील वृद्धास स्मृतिभ्रंश जडला, की नगर, शिरूर वा पुणे येथे जागा शोधणे सुरू होते. ज्याचे सारे आयुष्य वस्ती, गोठा, बांध आणि यादवबाबांचे मंदिर या परिघात गेले, त्याला एकाएकी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नेऊन ठेवल्यास त्याची उरलीसुरली ओळखही सुटते. तेव्हा इमारतीच्या चकचकीतपणापेक्षा ही ओळख तेथे कितपत जपली जाईल, हे अगोदर पाहावे लागते.

शोधाला निघण्यापूर्वी

विस्मरण म्हणजे स्मृतिभ्रंशच असे समजून जागा शोधू नये. थायरॉइडची न्यूनता, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, पडल्यानंतर कवटीखाली साचलेले रक्त, मेंदूतील पाण्याचा संचय, तसेच काही औषधांचे परिणाम यांमुळेही स्मृती ढासळते. आणि यांपैकी बऱ्याच कारणांवर उपाय असतो. विशेषतः चार-दोन दिवसांत एकाएकी भ्रम, बडबड वा गुंगी सुरू झाली असेल, तर मूत्रमार्गाचा वा फुप्फुसाचा संसर्ग, जलक्षय, मलावरोध, मूत्रावरोध, रक्तातील सोडियम कमी होणे ही कारणे प्रथम शोधावीत. अशा रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची नव्हे, तातडीच्या उपचाराची गरज असते. मेंदूविकारतज्ज्ञ वा मनोविकारतज्ज्ञ यांचे लेखी निदान हाती आल्यावरच पुढचे पाऊल टाकावे.

जागा नेमकी कोणत्या प्रकारची?

लोकव्यवहारात 'नर्सिंग होम', 'वृद्धाश्रम', 'केअर सेंटर' ही नावे सरमिसळ वापरली जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत भेद आहे.

१) शुश्रूषागृह : आजारी, जखमी वा दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन तेथे उपचार व परिचर्या होत असेल, तर महाराष्ट्रात १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी आवश्यक असते. नोंदणी मुदतीची असते. प्रमाणपत्रावरील मुदत, खाटांची संख्या व पत्ता हे तिन्ही प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहावेत.

२) वृद्धाश्रम : येथे निवास व भोजन असते, उपचारांची जबाबदारी असेलच असे नाही. चालत्या-बोलत्या वृद्धासाठी ही जागा योग्य ठरू शकते. भान हरपलेल्या रुग्णासाठी बहुधा अपुरी पडते. "आम्ही सगळेच सांभाळतो," या उत्तरावर विसंबू नये.

३) मानसिक आरोग्य आस्थापना : २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. विचार, भान व स्मृती यांतील गंभीर बिघाड त्याच्या व्याख्येत येतो. अशा रुग्णांना उपचारासाठी व सांभाळासाठी ठेवून घेणाऱ्या संस्थेने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावयाची असते. आयुर्वेदीय आतुरालयेही यातून सुटलेली नाहीत, ही बाब आपल्यापैकी ज्यांचे स्वतःचे आतुरालय आहे त्यांनी विशेष लक्षात ठेवावी. याच कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधारकास मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. अधिकार मिळाला तशी जबाबदारीही आली.

राळेगणसिद्धीचे नाव माहितीच्या अधिकाराच्या चळवळीशी कायमचे जोडले गेले आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत खासगी शुश्रूषागृह थेट येत नाही. परंतु त्याच्या नोंदणीची, नूतनीकरणाची व तपासणीची कागदपत्रे शासकीय प्राधिकरणाकडे असतात. दहा रुपये शुल्काच्या साध्या अर्जाने ती मागता येतात व सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. निर्णयाला महिनाभर अवधी असेल, तर कुटुंबाला हा अर्ज करावयास अवश्य सांगावे.

वास्तूची परीक्षा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात आतुरालयाचे वर्णन आले आहे. वास्तू भक्कम असावी. वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित, तरीही एका बाजूने हवेशीर असावी. सहज हिंडता-फिरता यावे. धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपद्रव नसावा. पाण्याची जागा, मलमूत्रविसर्जनाचे स्थान, स्नानगृह व स्वयंपाकघर ही सर्व तेथेच असावीत, असे आचार्य सांगतात. दोन सहस्र वर्षांच्या आसपासचे हे वर्णन हातात घेऊन आजच्या कोणत्याही शुश्रूषागृहात फिरता येते.

'सहज हिंडता-फिरता येणे' हा निकष स्मृतिभ्रंशात सर्वांत मोलाचा ठरतो. हे रुग्ण येरझाऱ्या घालतात. त्यांना रोखल्यास बेचैनी वाढते. म्हणून बंदिस्त पण मोकळे अंगण वा लांब ओसरी असावी. उंबरे, ओल्या फरश्या, गुळगुळीत लादी व अंधारे जिने नसावेत. शौचालयाचे दार दुरून दिसावे, त्यावर मोठे चित्र असावे. भिंतीला धरण्यासाठी दांड्या असाव्यात. बाहेरच्या दारावर लक्ष असावे आणि रुग्णाच्या हातात वा कपड्यावर नाव व संपर्क असलेली पट्टी असावी. रात्री मंद दिवा असावा. आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्ग कुलूपबंद नाही ना, हेही पाहावे.

वासाकडेही लक्ष द्यावे. सकाळी आठ वाजता मूत्राचा वास येणे समजू शकते. दुपारी बारा वाजता तोच वास तसाच असेल, तर माणसे कमी आहेत असे समजावे.

उपस्थात्याची परीक्षा

चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी यांची गणना होते. या विकारात मूळ व्याधी बरा करणारे औषध आज कोणत्याच शास्त्राजवळ नाही. म्हणून चारही पादांचा भार बहुतांशी उपस्थात्यावर येतो. चरकाचार्यांनी त्याचे चार गुण सांगितले आहेत. त्यांचा आजचा अर्थ असा लावता येईल.

उपचारज्ञता : परिचारकांना पुढील प्रश्न साध्या शब्दांत विचारावेत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस किती वेळाने बदलता? दर दोन तासांनी असे उत्तर यावे, आणि तशी नोंदही दाखविता यावी. रुग्ण गिळताना ठसकत असेल तर काय करता? बसवून, लहान घास देऊन, घट्टसर अन्न भरवितो, असे उत्तर अपेक्षित आहे. पडून राहिलेल्या रुग्णाला पाणी पाजणारी जागा टाळावी. अन्न वा पाणी श्वासमार्गात जाऊन होणारा फुप्फुसदाह हे या रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे.

दाक्ष्य : दिवसा किती रुग्णांमागे एक परिचारक, आणि रात्री किती? रात्रीचा आकडा स्वतंत्र विचारावा. प्रशिक्षित परिचारिका रात्री हजर असते की केवळ मावशी वा वॉचमन? वैद्यक व्यवसायी किती वेळा येतात, आणि रात्री दोन वाजता ताप चढला तर कोणाला बोलावले जाते?

अनुराग : परिचारक रुग्णाला 'आजी', 'काका', 'बाबा' असे नात्याने हाक मारतात की खाटेच्या क्रमांकाने? रुग्ण तोच प्रश्न दहाव्यांदा विचारतो तेव्हा उत्तर कशा स्वरात येते? रुग्णाची बोली परिचारकाला समजते का? भाषा दुरावलेल्या रुग्णास मराठी न जाणणारा परिचारक म्हणजे दुहेरी मौन होय.

शौच : नखे, तोंड, दात वा कवळी, जांघा, टाचा ही पाच स्थाने कोणत्याही दोन रुग्णांच्या बाबतीत सहज नजरेस पडतात. स्वच्छतेचा खरा अहवाल तेथेच लिहिलेला असतो.

याच अध्यायात आचार्यांनी गाणे, वाद्य, कथा, इतिहास-पुराण जाणणारी व रुग्णाचा अभिप्राय ओळखणारी माणसेही आतुरालयात असावीत असे म्हटले आहे. हे केवळ राजवैभव नव्हे. स्मृतीच्या उत्पत्तीची जी आठ कारणे शारीरस्थानात आली आहेत, त्यांत सादृश्य, अभ्यास व पुनःश्रुत यांचा समावेश आहे. पाठ असलेला हरिपाठ, जात्यावरची ओवी, शेंगा सोलणे, वाती वळणे, तुळशीला पाणी घालणे या गोष्टी नावे विसरलेल्या रुग्णातही बऱ्याच काळ टिकून राहतात. दिवसभर दूरदर्शन संचासमोर रांगेने बसविलेले रुग्ण दिसल्यास तेथे कार्यक्रम नाही, केवळ वेळ काढणे आहे असे समजावे. दाखल करताना कुटुंबाने रुग्णाची एक पानी जीवनकथा लिहून द्यावी : गाव, व्यवसाय, आवडीचे अन्न, देव, भीती, झोपेची वेळ. बांधावर राबलेल्या माणसाला पहाटे पाच वाजता उठून बाहेर जावेसे वाटणे हा उपद्रव नसून त्याचा अभ्यास आहे, हे परिचारकाला त्यावरून कळते.

बांधणे व झोपविणे

दोन प्रश्न संकोच न करता विचारावेत. पहिला : "रुग्ण आवरत नसेल तर बांधता का?" २०१७ च्या कायद्यानुसार एकांतात कोंडणे निषिद्ध आहे. रुग्णाला वा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल, तेव्हाच आणि तेवढ्याच वेळेपुरते बांधता येते. त्यास मनोविकारतज्ज्ञाची संमती व लेखी नोंद लागते आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवावे लागते. शिक्षा म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून बांधणे बेकायदेशीर आहे. मनगटावर वळ दिसले तर त्यांचे कारण विचारावे.

दुसरा : "झोपेसाठी काय देता?" चित्तक्षोभावर वापरल्या जाणाऱ्या काही मनोविकार-औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये दिला व २००८ मध्ये तो या गटातील जुन्या औषधांनाही लागू केला. ती औषधे कधीच देऊ नयेत असे नव्हे. परंतु कोणी, कशासाठी, किती दिवस लिहून दिली आणि पुन्हा तपासणी केव्हा, याची नोंद हवी. दुपारी दोन वाजता सर्वच रुग्ण गाढ झोपलेले दिसले, तर ती शांतता संशयास्पद मानावी.

द्रव्याची परीक्षा : औषधी-विक्रेत्यांसाठी

येथे औषधी-विक्रेत्यांचे काम मोठे आहे. रुग्णाची सर्व औषधे, आयुर्वेदीय कल्पांसह, एकाच कागदावर आणावीत. पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

• सर्दी-खाज-झोप यांसाठी सर्रास घेतली जाणारी जुन्या पद्धतीची ॲलर्जीविरोधी औषधे स्मृती व भान आणखी मंद करतात. मूत्रावरोध व मलावरोधही घडवितात. कनकासवात धत्तूर असल्याने तोच दोष संभवतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास कनकासव विनाविचार देऊ नये.

• यष्टिमधु हे चरकोक्त चार मेध्य रसायनांपैकी एक आहे. तथापि दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास त्याने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते; लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका अधिक.

• सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, ग्लानी व विषाद येतो. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या वृद्धास झोपेसाठी ती देणे म्हणजे पडण्याला निमंत्रण देणे होय. अश्वगंधाही झोपेच्या गोळ्यांसमवेत गुंगी वाढवू शकते.

• डोनेपेझिलने नाडी मंद होऊ शकते, अन्नद्वेष व अतिसारही होतो. असा रुग्ण कृश होऊ लागल्यास रसायन वाढविण्यापूर्वी लिहून देणाऱ्या तज्ज्ञास कळवावे.

• गिळता येत नाही म्हणून प्रत्येक गोळी कुटून देऊ नये. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्यास सारी मात्रा एकदम शरीरात जाते.

"आमच्या औषधाने स्मृतिभ्रंश समूळ बरा होतो," असे सांगणारी जागा त्या एका वाक्यावरूनच वगळावी. मेंदूच्या विकारांवर औषधांची अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने प्रतिबंध आहे. मेध्य रसायन, अभ्यंग, बस्ती, पथ्याहार यांनी झोप, मलप्रवृत्ती, त्वचा व बल यांच्या बाबतीत साहाय्य करण्याचा आपला प्रयत्न असावा. त्यापलीकडचे वचन देऊ नये.

खर्च व करार

मासिक शुल्कात काय येते आणि काय येत नाही, हे लेखी घ्यावे : लंगोट, औषधे, डॉक्टरांची भेट, रुग्णवाहिका, रुग्णालयात नेल्यावर सोबत राहणारा माणूस. अनामत रक्कम केव्हा परत मिळते? रुग्ण निवर्तल्यास वा परत नेल्यास उरलेल्या दिवसांच्या पैशांचे काय? प्रत्येक रकमेची पावती मिळते का? रुग्णाचे बँक पुस्तक, एटीएम कार्ड वा अंगठा घेतलेले कोरे कागद संस्थेकडे देऊ नयेत. नातलगांनी कधी भेटावे यावर कडक बंधन घालणारी जागा पसंत करू नये. ठरावीक वेळेव्यतिरिक्तही भेटता आले पाहिजे.

कुटुंबालाही एक गोष्ट सांगावी लागते. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार निर्वाहाची जबाबदारी अपत्यांवर आहे, आणि वृद्धाला टाकून देणे हा गुन्हा आहे. शुश्रूषागृहात ठेवणे म्हणजे टाकणे नव्हे. ठेवून पुन्हा न जाणे हे मात्र टाकण्यासारखेच आहे. गावात "आईबापाला बाहेर घातले" असे बोलले जाते. रात्र-रात्र जागून खंगलेल्या सुनेला वा लेकीला त्या बोलण्यातून सोडविणे, हेही वैद्याचे कर्तव्य आहे. घरीच सांभाळणे शक्य असेल तर दिवसा पगारी मदतनीस, भावंडांत वाटून घेतलेल्या पाळ्या, काही दिवसांचाच तात्पुरता निवास हे पर्याय आधी तपासावेत. टेलि-मानस १४४१६ व ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी यांचे क्रमांक चिकित्सालयात लावून ठेवावेत.

तीन भेटी आणि एक पत्र

निर्णयापूर्वी तीन भेटी द्याव्यात. पहिली वेळ ठरवून, मालक वा व्यवस्थापकाशी बोलण्यासाठी. दुसरी न सांगता, दुपारच्या जेवणाच्या वेळी : ताट किती भरले यापेक्षा किती रिकामे झाले, आणि हाताने खाता न येणाऱ्याला कोणी भरविले का, हे पाहावे. तिसरी रविवारी सूर्यास्ताच्या सुमारास. कारण या रुग्णांची बेचैनी सायंकाळी वाढते आणि सुटीच्या दिवशी माणसे कमी असतात. ज्या जागेचा कारभार या घटकेला सुरळीत चालतो, ती इतर वेळी सहसा बिघडत नाही. तेथे अगोदरपासून असलेल्या रुग्णांच्या दोन-तीन नातलगांशी दाराबाहेर बोलावे.

वैद्याने रुग्णासमवेत पत्र द्यावे. त्यात निदान, अन्य व्याधी, सर्व औषधे व मात्रा, वजन, त्वचेची अवस्था, गिळण्याची क्षमता, चष्मा, श्रवणयंत्र व कवळी यांची नोंद असावी. दाखल झाल्यावर पहिल्या महिन्यात साप्ताहिक व पुढे दरमहा वजन, माकडहाड व टाचा यांची पाहणी, पडल्याच्या घटना आणि औषधांची यादी, ही चार कलमे कुटुंबाने तपासावीत. वजन घटणे, नवा व्रण, नवी गुंगी वा माणसे पाहून दचकणे यांपैकी काहीही दिसल्यास कारण विचारावे व समाधान न झाल्यास जागा बदलावी.

शेवटी आपल्या व्यवसायाविषयी एक शब्द. रुग्ण पाठविल्याबद्दल काही शुश्रूषागृहे मोबदला देऊ करतात. तो एकदा स्वीकारला, की वर सांगितलेली सारी परीक्षा व्यर्थ ठरते. कारण मग परीक्षकाचाच त्या जागेशी स्वार्थ जडलेला असतो. असा मोबदला नाकारावा, आणि आपण स्वतः पाहिलेल्या जागेचेच नाव कुटुंबाला सांगावे. प्रत्येक तालुक्यातील दोन-तीन वैद्यांनी मिळून आपल्या परिसरातील जागांना वर्षातून एकदा वरील क्रमाने भेट दिली व टिपण ठेवले, तर दारी येणाऱ्या कुटुंबाला ऐकीव नव्हे, पाहिलेले उत्तर देता येईल.